काहील का तरंगते?
घनता, प्लवन आणि दाब यांचे प्रयोगशिक्षण

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला गगनबावडा तालुका हा पाण्याचा प्रदेश होय. येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. या डोंगररांगांत उगम पावणाऱ्या कुंभी नदीवर लखमापूर येथे धरण झाले आहे. पुढे ही नदी पंचगंगेच्या पाण्यात भर घालते आणि ते पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर पोचले की इशारा पातळी व ४३ फुटांवर पोचले की धोका पातळी गाठली असे जाहीर होते. भातखाचरे, ओढे, विहिरी, कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रस्ते यांच्या सान्निध्यातच येथील मूल वाढते.

असे असूनही हेच मूल उच्च प्राथमिक वर्गात आर्किमिडीजचे तत्त्व शिकते ते बहुधा पाठांतराने. द्रवात बुडालेल्या वस्तूवर किती बल वर लावले जाते, हे ते एका दमात म्हणून दाखवते. परंतु लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाची काहील पाण्यावर कशी तरंगते, असे विचारल्यास ते गप्प बसते. व्याख्या पाठ आहे आणि अनुभवही आहे. या दोहोंची गाठ मात्र पडलेली नाही. ती घालून देणे हे शाळेचे काम आहे, आणि त्यासाठी खर्चिक प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एक बादली, एक तराजू, काही रिकाम्या बाटल्या आणि विद्यार्थ्याला स्वतः मोजू देण्याची शिक्षकाची तयारी एवढे भांडवल पुरेसे आहे.

या विषयाचे महत्त्व परीक्षेपुरते मर्यादित नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरातून ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसली होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. नावेत किती भार घालावा, तो कसा वाटावा आणि काठ पाण्याच्या किती वर राहिला पाहिजे, या गोष्टींची जाण नदीकाठच्या गावात प्रत्येकाला असावयास हवी. ती जाण देणारा पाठ म्हणजे वर्गातला प्लवनाचा पाठ होय.

पाठ घेण्याची रीत

प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो त्या जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोचला आणि २००२ पर्यंत चालला. १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी काम केले. होशंगाबादच्या कार्यक्रमाशी तरुणपणी संबंध आलेले अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यात, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनविण्याची कला देशभर पोचविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. साहित्य स्वस्त असो वा महाग, प्रयोग शिक्षकाने टेबलावर करून दाखविला तर तो तमाशाच ठरतो; विद्यार्थ्याने केला तर पाठ ठरतो. म्हणून पुढील प्रत्येक कृती चार टप्प्यांनी घ्यावी. प्रथम अंदाज, नंतर कृती, मग नोंद आणि शेवटी चर्चा. अंदाज वहीत लिहून घेतल्यावाचून पाण्याला हात लावू देऊ नये. आपला अंदाज चुकला की मूल 'का?' असे आपणहून विचारते, आणि त्या प्रश्नापासून खरे शिक्षण सुरू होते. चार-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. दोन-तीन इयत्ता एकत्र बसणाऱ्या वाडीवरच्या शाळेत मोठ्या मुलांनी मोजावे आणि लहानांनी अंदाज बांधावेत, अशी विभागणी सोयीची होते.

तराजूची अडचण सांगितली जाते. एक घडीव काठी मध्यावर टांगून दोन टोकांना करवंट्या बांधल्या की तराजू तयार होतो. वजने हवीत तर पाणी आहेच. एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम. औषधांच्या दुकानात मिळणारी, सुई नसलेली नवी पिचकारी मिलिलिटर मोजण्यास उत्तम. मापे स्वतः तयार केल्याने 'वस्तुमान' आणि 'आकारमान' हे दोन शब्द वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, हे मुलांच्या मनावर आपोआप ठसते.

घनता : काकवी, पाणी आणि तेल

तीन सारख्या लहान बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर काकवी, पाणी व गोडे तेल घ्यावे. कोणती बाटली जड असेल, याचा अंदाज लिहून घेऊन मग वजन करावे. रिकाम्या बाटलीचे वजन वजा केल्यावर पाणी १०० ग्रॅम, तेल सुमारे ९१–९२ ग्रॅम आणि काकवी, तिच्या दाटपणानुसार, सुमारे १३०–१४० ग्रॅम भरते. जागा तेवढीच, द्रव्य मात्र कमीअधिक. एका मिलिलिटरमागे किती ग्रॅम, हा भागाकार म्हणजेच घनता. आता एका उभ्या पेल्यात प्रथम काकवी, तिच्यावर हळूच पाणी व शेवटी तेल ओतावे. तीन थर राहतात आणि थरांचा क्रम फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांच्या क्रमाशी जुळतो. त्यात एक द्राक्ष, मेणबत्तीचा तुकडा आणि एक खिळा सोडून कोण कोठे थांबतो ते पाहावे. एकच वस्तू एका द्रवात बुडते व दुसऱ्यात तरंगते, हे दिसले की 'जड ते बुडते, हलके ते तरंगते' हा घरातून आलेला समज डळमळू लागतो. तो पूर्ण जावा यासाठी एकच प्रश्न पुरे : ओढ्यातून वाहत येणारा ओंडका जड की खिळा?

दुसरी कृती थेट शेताशी निगडित आहे. गगनबावड्यात भात हे मुख्य पीक. पेरणीपूर्वी भाताच्या बियाण्यास तीन टक्के मिठाच्या द्रावणाची प्रक्रिया करण्याची शिफारस कृषी खाते वर्षानुवर्षे करीत आले आहे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे व ढवळून द्रावण स्थिर होऊ द्यावे. वर तरंगणारे पोकळ व रोगट बी काढून टाकावे, तळाचे निरोगी बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे, अशी ती पद्धत. वर्गात हीच कृती एक लिटर पाणी, ३० ग्रॅम मीठ आणि ओंजळभर भात घेऊन करावी. प्रथम साध्या पाण्यात किती दाणे तरंगले व नंतर मिठाच्या पाण्यात किती, हे मोजून घ्यावे. साध्या पाण्यात तळाशी बसलेले काही दाणे मिठाच्या पाण्यात वर येतात. मीठ घातल्याने पाण्याची घनता थोडी वाढली आणि पाण्याच्या दृष्टीने भरलेले भासणारे परंतु आतून पोचट असलेले दाणे उघडे पडले. दोन्ही गटांतील शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते आठवड्याने मोजल्यास विज्ञानाच्या तासाचा पुरावा विद्यार्थी वडिलांना घरी नेऊन दाखवू शकतो.

याच मालिकेत अंड्याची कृती घ्यावी. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते. अर्ध्या लिटर पाण्यात चमचा-चमचा मीठ घालत गेल्यास साधारणतः ५० ते ८० ग्रॅमच्या दरम्यान ते वर येते. जुने अंडे मात्र साध्या पाण्यातही उभे राहते किंवा तरंगते. कारण आतील ओलावा उडून गेल्याने त्याचे वजन घटते आणि कवचाखालील हवेची पोकळी वाढते. घाटाखालच्या समुद्राचे पाणी गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट घन असते. खाडीतून नदीत शिरणारे भरलेले गलबत थोडे अधिक खाली का बसते, याचे उत्तर मुलांना या कृतीनंतर सुचते.

प्लावक बल : दगडाचे वजन कोठे गेले?

विहिरीतून भरलेली घागर काढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच जड होते, हा अनुभव सर्वांचा आहे. त्याचे मापन करावयाचे. एका रबरी पट्टीला आकडा बांधून ती फूटपट्टीशेजारी टांगावी. आकड्याला प्लॅस्टिकचा पेला अडकवून त्यात ५०-५० मिलिलिटर पाणी ओतत पट्टी किती ताणली ते खुणांनी नोंदवावे. स्वस्त ताणकाटा तयार झाला. आता त्याला काळा दगड बांधून वजन घ्यावे व मग तो बादलीतील पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा पाहावे. तळाला दगड टेकू देऊ नये.

समजा, दगड हवेत ५८० ग्रॅम व पाण्यात ३८० ग्रॅम भरला. उरलेले २०० ग्रॅम कोठे गेले? याच्या उत्तरासाठी एक बाटली मधोमध कापून काठाखाली शीतपेयाची नळी तिरपी बसवावी व भोवती मेण लावावे. नळीतून पाणी वाहून थांबेपर्यंत बाटली भरावी, नळीखाली पेला ठेवावा आणि दगड हळूहळू सोडावा. पेल्यात जमलेल्या पाण्याचे वजन केल्यास तेही २०० ग्रॅमच्या आसपास भरते. दगडाने जेवढे पाणी बाजूला सारले तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार पाण्याने त्याला दिला. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच. आता मात्र ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आकड्यांत उमटलेले असते. शिवाय ५८० ला २०० ने भागले की दगडाची घनता २.९ मिळते. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टला हा आकडा शोभणारा आहे.

आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, हे गृहीत धरावे. नळीच्या तोंडाशी शेवटचा थेंब अडून राहतो, दगड बाहेर काढताना पाणी सोबत नेतो, रबरी पट्टी थोडी सैलावते. पाच गटांचे पाच आकडे फळ्यावर लिहून फरकाची कारणे मुलांनाच शोधू द्यावीत. उत्तर पुस्तकातल्यासारखे यावे म्हणून आकडे सुधारून लिहिण्याची सवय लागली, तर त्या तासाला विज्ञान शिकविले गेले नाही असेच म्हणावे लागेल.

यानंतर जांभा दगड घ्यावा. तो पाण्यात सोडताच बुडबुडे येऊ लागतात आणि काट्यावरील वजन हळूहळू वाढत जाते. जांभ्याच्या छिद्रांतील हवेची जागा पाणी घेत असते. ओल्या जांभ्याची भिंत पावसाळाभर पाणी कशी धरून ठेवते, याचीही उकल त्यातून होते.

नाव, काहील आणि भाररेषा

ऊस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात गुऱ्हाळाची काहील सर्वांच्या परिचयाची आहे. पूर आला, वाट बंद झाली की याच काहिलीतून माणसे पाणी ओलांडतात. तीत किती भार घालता येईल, याचे गणित वर्गात मांडता येते.

प्रथम शाडूच्या अथवा भिजविलेल्या चिकण मातीचा गोळा पाण्यात सोडावा, तो बुडतो. त्याच गोळ्याची पसरट वाटी करून सोडावी; ती तरंगते. मातीचे वजन तेच आहे, परंतु वाटी स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारू शकते आणि गोळा सारू शकत नाही. मग २० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर खोल असा सरळ बाजूंचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर. डबा एक सेंटिमीटर खाली जाण्यास ३०० ग्रॅम भार लागणार. डब्याच्या बाहेरील बाजूस सेंटिमीटरच्या खुणा करून वजने घालत जावे व गणिताने आलेली खोली प्रत्यक्ष खोलीशी ताडून पाहावी. मुलांना सर्वांत अधिक आनंद होतो तो या क्षणी, कारण घडणारी गोष्ट त्यांनी अगोदरच वर्तविलेली असते.

आता खरा धडा. डबा काठापर्यंत भरत गेल्यास तो अखेरपर्यंत निमूटपणे तरंगत राहतो आणि काठावरून पाणी आत शिरताच क्षणार्धात बुडतो. बुडण्यापूर्वी तो कोणतीही सूचना देत नाही. दुसऱ्या वेळी निम्माच भार घालावा, पण तो सर्व एका बाजूला ठेवावा. डबा कलतो आणि निम्म्या भारानेच पाणी घेतो. तिसऱ्या वेळी बादलीतले पाणी हाताने हलवून लाटा कराव्यात. शांत पाण्यात सुरक्षित असलेला भार लाटांत असुरक्षित ठरतो. चौथ्या वेळी भार उंच रचावा; थोड्या धक्क्यानेही डबा उलटतो. या चार निरीक्षणांतून विद्यार्थ्यांनी स्वतःच नियम लिहावेत : भार सर्वत्र सारखा असावा, बसून राहावे, एका बाजूला धाव घेऊ नये, आणि काठ पाण्याच्या पुरेसा वर राहील अशी रेषा आखून ती बुडू देऊ नये. मोठ्या जहाजांवरही अशीच भाररेषा रंगविलेली असते.

काहिलीचे गणित याच रीतीने होते. उदाहरणादाखल अडीच मीटर व्यासाची, सपाट तळाची काहील धरल्यास तिचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस मीटर येते. ती एक सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ४९ किलो भार लागतो. म्हणजे एका प्रौढ माणसाने ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली जाते. यावरून ती फार सुरक्षित असल्याचा भास होतो. परंतु गोल काहिलीला दिशा नसते, वाहत्या पाण्यात ती गरगरते, आणि माणसे एका कडेला सरकली की कलते. भार पेलण्याची शक्ती आणि स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डब्याच्या प्रयोगाने अगोदरच दाखविलेले असते.

पोहायला शिकताना पाठीला बांधावयाचा सुका भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा बंद डबा यांमागेही हेच तत्त्व आहे. मानवी देहाची घनता पाण्याच्या जवळपास असते. डोके वर राहण्यास थोडाच अधिक आधार लागतो. घट्ट झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन सुमारे पाच किलोचा आधार देतो. पाण्यात पडलेल्याकडे उडी घेण्याऐवजी असा कॅन दोरीला बांधून फेकणे शहाणपणाचे, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे.

दाब : बंधाऱ्याचा तळचा बरगा

दाबाचा पाठ विटेपासून सुरू करावा. ओल्या वाळूच्या थरावर एक वीट प्रथम आडवी व नंतर उभी ठेवावी. तीन किलोची वीट २३ × ११ सेंटिमीटरच्या बाजूवर ठेवल्यास दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १२ ग्रॅम भार येतो. ११ × ७.५ सेंटिमीटरच्या बाजूवर तोच सुमारे ३६ ग्रॅम होतो. वजन बदलले नाही, दाब तिप्पट झाला आणि वाळूतील ठसा खोल उमटला. दप्तराचे पट्टे रुंद का असावेत, हे मग सांगावे लागत नाही.

द्रवाच्या दाबासाठी बाटलीला निरनिराळ्या उंचीवर तीन सारखी भोके पाडण्याचा प्रयोग सर्वत्र सांगितला जातो. तो करताना एक सावधगिरी हवी. अनेक पुस्तकांतील चित्रांत सर्वांत खालच्या भोकाची धार सर्वांत लांब पडलेली दाखवितात. बाटली जमिनीवर ठेवून प्रयोग केल्यास तसे घडत नाही; पाण्याच्या उंचीच्या निम्म्यावर असलेल्या भोकाची धार सर्वांत दूर पोचते. खालची धार वेगाने निघते खरी, पण जमीन जवळ असल्याने तिला पुढे जाण्यास वेळ मिळत नाही. बाटली उंच स्टुलाच्या कडेवर ठेवली की खालच्या धारेला पुरेसा वेळ मिळतो आणि ती सर्वांत लांब जाते. चित्र आणि प्रत्यक्ष यांत तफावत दिसल्यास प्रत्यक्षावर विश्वास ठेवावा व कारण शोधावे, हा संस्कार या एका प्रयोगाने होतो.

पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. पाणी किती साठले आहे यावर नव्हे. दर मीटर खोलीला एका चौरस मीटरवर एक हजार किलो भार वाढत जातो. पावसाळा सरताना कोल्हापुरी बंधाऱ्यात बरगे घालण्याचे काम चालू असते, त्या वेळी विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावरून ते दाखवावे व पुढील हिशोब करावयास सांगावा. समजा, बंधाऱ्यात तीन मीटर पाणी अडविले आहे, पलीकडची बाजू कोरडी आहे आणि प्रत्येक बरगा दोन मीटर लांब व पाव मीटर रुंद आहे. सर्वांत वरच्या बरग्यावर सुमारे ६२ किलो भार येईल, तर सर्वांत खालच्या बरग्यावर सुमारे १४४० किलो. गळती तळाशीच जोरात का होते, खालचा बरगा झिजका असून का चालत नाही आणि धरणाची भिंत पायथ्याशी रुंद का बांधतात, ही तिन्ही उत्तरे या दोन आकड्यांत आहेत. राजर्षी शाहू छत्रपतींनी आरंभिलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोचताच आपोआप उघडतात, ही गोष्ट मुलांनी दर पावसाळ्यात ऐकलेली असते. पाण्याची पातळी आणि दाब यांचे नाते कळल्यावर तिचे नवल कमी न होता वाढते.

याच तत्त्वाचा ग्रामपंचायतीच्या नळयोजनेशी निकटचा संबंध आहे. उंचावरच्या वाडीला पाणी चढत नाही म्हणून मोठी टाकी बांधण्याची मागणी पुष्कळदा होते. टाकी मोठी केल्याने साठा वाढेल. दाब वाढणार नाही. दाब वाढण्यास टाकीतील पाण्याची पातळी उंच हवी. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो, हे प्रमाण. पारदर्शक नळीच्या एका टोकाला बाटली व दुसऱ्याला बादली लावून पाणी भरल्यास दोहोंत पाणी एकाच पातळीवर थांबते, हे दहा मिनिटांत दाखविता येते. पाया आखताना गवंडी पाण्याची नळी वापरतो ती याच आधारावर. शाळेतील हा प्रयोग ग्रामसभेत मांडला, तर टाकीची जागा ठरविताना होणारे बरेच वाद मिटतील.

घाटातील बाटली

हवेलाही वजन व दाब असतो, हे पटविण्यासाठी गगनबावड्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. येथून वैभववाडीकडे करूळ व भुईबावडा असे दोन घाट उतरतात. एक लिटरची पातळ, कोरडी, रिकामी बाटली घाटमाथ्यावर सावलीत काही वेळ उघडी ठेवून तिचे झाकण घट्ट लावावे आणि कोकणात जाणाऱ्या एखाद्या शिक्षकाने किंवा पालकाने ती खाली न्यावी. पायथ्याशी पोचेपर्यंत बाटलीच्या अंगाला खळगे पडलेले दिसतात. आतली हवा माथ्याच्या दाबाची आहे आणि बाहेर पायथ्याची अधिक दाबाची हवा तिला दाबीत आहे. घाट उतरताना कानांना दडे बसतात ते यामुळेच.

प्रयोग येथेच न थांबविता मोजणीपर्यंत न्यावा. खाली बाटलीचे तोंड बादलीतील पाण्यात बुडवून झाकण उघडावे; थोडे पाणी आत शिरते. आतील व बाहेरील पाण्याची पातळी समान करून झाकण लावावे व आत आलेले पाणी पिचकारीने मोजावे. एक लिटरच्या बाटलीत शिरलेले दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे दाबातील सुमारे एक टक्का फरक, आणि एक टक्का म्हणजे सुमारे ८५ ते ९० मीटर उंची. खालची हवा अधिक उष्ण असल्यास आत शिरणारे पाणी कमी भरते. दर तीन अंश सेल्सिअस वाढीमागे हिशोबात सुमारे १० मिलिलिटर मिळवावेत. एका बाटलीने व पिचकारीने सह्याद्रीच्या कड्याची उंची काढता येते, हे उमगल्यावर विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर दिसणारे समाधान कोणत्याही गुणपत्रिकेत मावणारे नसते.

अपेक्षा आणि जबाबदारी

असे पाठ नेमाने व्हावयाचे तर तीन घटकांनी आपापला वाटा उचलला पाहिजे. शिक्षकांनी या घटकासाठी दोनऐवजी सहा-सात तास देण्याचे धैर्य दाखवावे. हा वेळ वाया जात नाही. गणितातील भागाकार, क्षेत्रफळ, सरासरी आणि भाषेतील नोंदलेखन यांचाही अभ्यास याच तासांत होतो. केंद्रातील शिक्षकांनी एकत्र येऊन हे प्रयोग आधी स्वतः करून पाहावेत. प्रयोग फसण्याच्या जागा अगोदर कळल्या की वर्गात संकोच वाटत नाही.

पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत व्याख्या विचारू नये. बादलीत एखादी वस्तू सोडण्यापूर्वी 'काय होईल आणि का?' असे विचारावे आणि वहीत विद्यार्थ्यांचे स्वतःचे, किंचित चुकणारे आकडे आहेत का ते पाहावे. पाचही गटांचे आकडे अगदी सारखे असतील, तर तेथे प्रयोग झाला नसावा असे समजण्यास हरकत नाही. प्रश्नपत्रिकेतही एखादा हिशोब डब्याच्या नावेचा अथवा बंधाऱ्याच्या बरग्याचा असावा. परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकविले जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी शाळेला एक चांगला तराजू, दोन मोठ्या बादल्या व पाण्याची सोय एवढे जरी दिले तरी मोठे काम होईल. गावाची नाव असल्यास तिच्यावर भाररेषा रंगविण्याचे काम आठवीच्या विद्यार्थ्यांच्या हिशोबावरून, जाणकारांकडून तपासून घेऊन, जाहीरपणे करावे. आपल्या गणिताने आखलेली रेषा गावाच्या नावेवर पाहणारे मूल ती रेषा जन्मभर विसरणार नाही आणि पुराच्या घाईत इतरांनाही विसरू देणार नाही. मात्र हे सर्व प्रयोग वर्गातील बादलीतच व्हावेत. विहीर, ओढा अथवा धरण येथे मुलांना मोठ्यांच्या देखरेखीवाचून नेऊ नये.

पाणी या तालुक्याला भरभरून मिळाले आहे. ते भात पिकविते, ऊस वाढविते, आणि एखाद्या वर्षी वाट अडवून जिवावरही उठते. त्याचे नियम ज्याच्या हाताला ठाऊक आहेत, त्याला त्याचा उपयोगही अधिक करून घेता येतो आणि त्याच्यापासून सावधही राहता येते. ते हात शाळेतच तयार व्हावयाचे आहेत.